जुनी मेकर्स मार्क आणि आजची मेकर्स मार्क: घरच्या घरी तुलना कशी करायची

गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी घर विकायला काढलं आणि तळघर रिकामं करताना मला बोलावून मेकर्स मार्क या केंटकीच्या बर्बन व्हिस्कीची एक न उघडलेली बॉटल हातात दिली. धुळीने माखलेली, लाल मेण जरा फिकट पडलेलं, मागच्या लेबलवर दारूबद्दलची सरकारी सूचना नाही, आणि काच उलटी करून बघितली तर बुडाशी ८८ असा उठावाचा आकडा. मी अमेरिकेत सिनसिनाटीत राहतो, नदी ओलांडली की केंटकी, त्यामुळे बर्बनची आवड लागायला वेळ लागला नाही. त्या रात्री मी ती उघडली, शेजारी तीसेक डॉलरची नवी बॉटल उघडली, दोन्ही एकेक घोट घेतल्या आणि बायकोला सांगून मोकळा झालो की जुनीच भारी, आता तशी बनवतच नाहीत.

मग दुसऱ्या दिवशी सकाळी विचार केला की मी नक्की काय चाखलं? व्हिस्की चाखली की ८८ हा आकडा? तिथून जे सुरू झालं त्यातून ही पद्धत बसली आहे. तुमच्याकडे काकांनी नव्वद साली अमेरिकेहून आणलेली आणि आजवर शोकेसमध्येच उभी असलेली बॉटल असेल, किंवा तुम्ही इकडे राहत असाल आणि एखादी जुनी हाती लागली असेल, तर उघडायच्या आधी हे वाचा, कारण जुनी बॉटल एकदाच उघडता येते.

मेकर्स मार्कच का

बर्बन म्हणजे अमेरिकेत बनलेली, किमान ५१ टक्के मका असलेली आणि आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपात ठेवलेली व्हिस्की. उरलेल्या धान्यात बहुतेक जण राय (गव्हासारखंच एक धान्य) आणि माल्टेड बार्ली (मोड आणून वाळवलेलं जव) घालतात. रायमुळे मिरीसारखा तिखटपणा येतो. व्हीटेड बर्बनमध्ये रायच्या जागी गहू असतो, गहू स्वतः फार बोलत नाही, त्यामुळे मक्याचा गोडवा आणि लाकडातून आलेलं कॅरमल, व्हॅनिला पुढे येतं. मेकर्समध्ये मका ७०, गहू १६, माल्टेड बार्ली १४ टक्के.

तुलनेसाठी ही सोयीची अशासाठी की यात बदललेल्या गोष्टी कमी आहेत. बिल सॅम्युअल्स सीनियर यांनी १९५३ साली लोरेटोजवळची जागा घेतली, १९५४ ला पहिलं पिंप भरलं, १९५८ ला पहिली बॉटल बाहेर पडली, बॉटलचा आकार आणि लाल मेणाची कल्पना त्यांच्या पत्नी मार्जी यांची. तेव्हापासून डिस्टिलरी तीच, जागा तीच. मालक बदलत गेले आणि आज ती जपानच्या सन्टोरीकडे आहे, उत्पादन कित्येक पट वाढलं, पण वाढवताना जुन्या यंत्रांसारखीच यंत्रं बसवली. पिंपात भरताना स्पिरिट ११० प्रूफला असतं, म्हणजे ५५ टक्के अल्कोहोल (प्रूफ हा आकडा टक्क्यांच्या दुप्पट). १९६२ मध्ये अमेरिकेत पिंपात भरायची कमाल मर्यादा ११० वरून १२५ प्रूफ केली, तेव्हा बरेच जण हळूहळू वर सरकले कारण कमी पिंपं लागतात, पण मेकर्स ११० वरच राहिली. म्हणून इथे जुनी आणि नवी वेगळी लागली तर खरंच विचार करण्यासारखं काहीतरी आहे.

आधी बॉटलचं वय काढा

काचेच्या बुडाशी दोन आकडी साल असतं, तिथून सुरुवात करा. ते साल काच बनल्याचं आहे, व्हिस्कीचं नाही, हे लक्षात ठेवा. बॉटल साधारण त्याच किंवा पुढच्या वर्षी भरली जाते आणि आतली व्हिस्की त्याच्या पाच-सहा वर्षं आधी पिंपात गेलेली असते. म्हणजे माझी ८८ ची बॉटल खरं तर ८२-८३ च्या सुमाराच्या डिस्टिलेशनची.

पण एकट्या आकड्यावर विसंबू नका कारण शेजारी साच्याचा नंबर, कारखान्याचा नंबर असं बरंच काही असतं आणि कुठला आकडा साल आहे यात गोंधळ होतो. दुसरे पुरावे जुळवून बघा. 'गव्हर्नमेंट वॉर्निंग' ही सूचना नोव्हेंबर १९८९ पासून सक्तीची झाली, ती नसेल आणि बॉटल अमेरिकेत विकलेली असेल तर त्याच्या आधीची. (इतर देशांसाठी भरलेल्या बॉटलवर ती नसतेच, म्हणून आयातदाराचं नाव, लिटरचं माप वगैरे आधी बघून घ्या.) बुचावरून आडवी चिकटवलेली कागदी टॅक्सची पट्टी १९८५ ला संपली. माप मिलीलिटरमध्ये नसून '४/५ क्वार्ट' असं असेल तर १९८० च्या आधीची. तीनपैकी दोन पुरावे एकाच काळाकडे बोट दाखवत असतील तर पुढे जा.

आणि प्रूफ वाचा. हे सांगायची गरज आहे का असं वाटेल, पण आहे. मेकर्सची नेहमीची लाल मेणाची ९० प्रूफ म्हणजे ४५ टक्के. ऐंशी-नव्वदच्या दशकात सोनेरी मेणाची १०१ प्रूफची यायची, काळ्या मेणाची ९५ ची जपानसाठी. फेब्रुवारी २०१३ मध्ये कंपनीने माल पुरत नाही म्हणून ८४ प्रूफवर आणायचं जाहीर केलं, लोक इतके चिडले की आठवड्याभरात निर्णय मागे घेतला, पण तेवढ्यात ४२ टक्क्यांच्या काही बॉटल दुकानात पोचल्या होत्या. यातली कुठलीही आजच्या साध्या ४५ टक्क्यांच्या शेजारी ठेवून 'जुनी अशी, नवी तशी' म्हटलं तर तुम्ही पाण्याचं प्रमाण चाखताय, बाकी काही नाही.

तब्येत तपासा

जुनी आणि नवी शेजारी उभ्या करून मागे टॉर्च धरा. मानेतली पातळी इंचभराहून जास्त खाली असेल तर बुचातून हवा खेळली आहे, अल्कोहोलही उडालेलं आहे, अशी बॉटल प्यायला चालेल एखाद वेळेस पण तुलनेला नाही. मेण तडकलेलं असेल तर तडा बुचापर्यंत गेलाय का बघा. मेण दोन रंगाचं दिसलं, वरचा थर ताजा आणि चकचकीत दिसला, तर कुणीतरी पुन्हा बुडवलंय असं धरून चाला. गढूळपणा, तरंगणारे कण दिसले तर एक दिवस उभी ठेवून परत बघा.

शोकेसवाल्या बॉटलचं वेगळं. आपल्याकडे शोकेस बहुतेक हॉलमध्ये, दुपारचं ऊन थेट, आणि मे महिन्यात घर ३८-४० अंशाला, असे तीस उन्हाळे काढलेली व्हिस्की तळघरातल्या बॉटलसारखी लागणार नाही. रंग नव्यापेक्षा फिका दिसला तर उन्हाचाच परिणाम समजा. ती उघडू नका असं मी म्हणत नाही, उघडा आणि काकांसोबत प्या, पण त्यावरून मेकर्स मार्कबद्दल निष्कर्ष काढू नका.

उघडणं

जुन्या मेणाला ओढायची पट्टी धड नसते, असली तरी तुटते. टोकदार सुरीने बुचाच्या खालच्या कडेने गोल चर पाडा, मेणाचे कण ओल्या फडक्याने पुसा, मग उघडा. बूच कॉर्कचं निघालं तर सरळ वर ओढू नका, हलकेच फिरवत काढा, तुटलं तर घाबरायचं कारण नाही, कॉफीच्या कागदी फिल्टरमधून गाळून घ्या आणि नवी बॉटलही तशीच गाळा, म्हणजे दोघींना सारखीच वागणूक.

दोन्ही एकाच दिवशी उघडा. नवी महिनाभर उघडी आणि जुनी आत्ता उघडलेली, असं केलं की हवेचा हिशोब बिघडतो. दोन्हीतून लगेच १००-१०० मिली छोट्या स्वच्छ काचेच्या बाटल्यांमध्ये गच्च भरून, चिठ्ठी लावून बाजूला ठेवा. पुढे याचा उपयोग आहे.

ग्लास आणि पाणी

तीन एकसारखे ग्लास, आत वळलेल्या तोंडाचे असले तर उत्तम, नसतील तर वाइनचे छोटे चालतील, स्टीलची वाटी नको कारण धातूचा वास येतो. ग्लास साबणाने धुतल्यावर नुसत्या गरम पाण्याने पुन्हा धुवा. घरात त्या संध्याकाळी फोडणी पडलेली नको, उदबत्ती नको, आल्याचा चहा तासभर आधी बंद. मध्ये मध्ये साधे कुरमुरे आणि कोमट पाणी. बर्फ अजिबात नाही.

दोन्ही बॉटल एकाच प्रूफच्या असतील तर हा भाग सोडून द्या. नसतील तर आधी सारख्या करा. लहान मुलांच्या औषधाची बिनसुईची सिरिंज घ्या, हिशोब सोपा आहे: जास्त टक्क्यांच्या व्हिस्कीचे मिली गुणिले तिचे टक्के, भागिले कमी टक्के, येईल तेवढं एकूण व्हायला हवं. समजा २० मिली ५३.५ टक्क्यांची आहे आणि ती ४५ ला आणायची आहे, तर २० गुणिले ५३.५ भागिले ४५ म्हणजे २३.८, पाणी घालायचं ३.८ मिली. २०१३ च्या ४२ वालीशी तुलना करायची असेल तर ४५ वालीच्या २० मिलीत १.४ मिली. पाणी बाटलीबंद घ्या, नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास असतो. पाणी घातल्यावर दहा मिनिटं झाकून ठेवा.

आता खरं काम: न बघता ओळखणं

दोन ग्लास घेऊन 'यातली जुनी कुठली' असं विचारू नका, त्यात नुसत्या अंदाजाने निम्म्या वेळा बरोबर येतं. तीन ग्लास घ्या. दोघांत एकच व्हिस्की, तिसऱ्यात दुसरी, आणि वेगळा ग्लास कुठला एवढंच शोधायचं. अंदाजाने बरोबर यायची शक्यता तीनात एक.

ओतणारा माणूस वेगळा हवा, आमच्याकडे बायको ओतते. जुनीला ज, नवीला न म्हणा, मांडणी सहाच प्रकारे होते: जजन, जनज, नजज, ननज, नजन, जनन. लुडोचा फासा टाकायचा, जो आकडा पडेल ती मांडणी, तिने स्वयंपाकघरात कागदावर लिहून ठेवायची आणि ट्रे आणून ठेवून निघून जायचं, कारण समोर बसलेल्या माणसाचा चेहरा बघूनही कळतं (वीस वर्षांच्या संसारानंतर तर कळतंच). रंगात फरक असेल तर ग्लासांना बाहेरून कागद गुंडाळा, दिवा मंद करा.

प्रत्येक ग्लासात ५ मिली पुरते. एका संध्याकाळी दोनच फेऱ्या, म्हणजे सहा ग्लास, ३० मिली. तीन संध्याकाळी मिळून सहा फेऱ्या. एकाच बैठकीत सगळं उरकायला गेलात तर चौथ्या फेरीपासून जीभ आणि डोकं दोन्ही कामाचं राहत नाही, आणि थुंकायला शेजारी एक भांडं ठेवलंत तर अजून चांगलं.

सहापैकी किती बरोबर आले तर फरक खरा मानायचा? चार किंवा जास्त नुसत्या नशिबाने यायची शक्यता साधारण १० टक्के, पाच किंवा जास्त यायची २ टक्क्यांहूनही कमी. म्हणून माझी रेघ पाचवर. आणि वेगळा ग्लास ओळखल्यावरच, उत्तर कळायच्या आधी, आवडला कुठला ते लिहायचं. फरक कळणं आणि जास्त आवडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बहुतेक सगळी भांडणं या दोन्हींची गल्लत केल्यामुळे होतात.

काय लिहायचं

आधी वास, मग घोट, मग गिळल्यावर किती वेळ राहतं ते. इंग्रजी टेस्टिंग नोट्समधले शब्द उसने घेऊ नका, ज्या फळाची चव तुम्ही आयुष्यात घेतली नाही त्याचा वास तुम्हाला येणारच नाही. गूळ आहे की काकवी, ते लिहा. जायफळ, वेलची, पिकलेला चिकू, खजूर, भाजलेले शेंगदाणे, तव्यावरून नुकती उतरलेली पोळी. नव्या मेकर्समध्ये मला ताजं कॅरमल, व्हॅनिला आणि पाठीमागे चेरीच्या जवळ जाणारं आंबटगोड काहीतरी लागतं, आणि गिळल्यावर पोळीच्या करपलेल्या कडेसारखं थोडं लाकूड. जुन्यात पहिल्या दिवशी गूळ जास्त गडद होता, काकवीकडे झुकणारा, आणि त्याच्यावर एक वास बसला होता, पावसाळ्यात बंद राहिलेल्या कपाटातल्या वह्यांसारखा.

तो वास महत्त्वाचा. बॉटलमध्ये व्हिस्की पिंपातल्यासारखी मुरत नाही, पण पस्तीस वर्षं बुचाखालच्या थोड्या हवेशी तिचं हळूहळू काहीतरी चालू असतंच. तो वास त्याचा आहे, डिस्टिलरीचा नाही.

माझा निकाल असा आला. उघडल्यावर लगेचच्या तीन संध्याकाळी सहापैकी पाच बरोबर. मला वाटलं झालं सिद्ध. पण वही बघितली तर पाचही वेळा ओळखायचं कारण एकच लिहिलं होतं: वह्यांचा वास. मग दोन्ही बॉटल तशाच एक तृतीयांश रिकाम्या, बूच लावून, कपाटात तीन आठवडे ठेवल्या आणि पुन्हा तेच केलं. वास जवळजवळ गेला होता. या वेळी सहापैकी तीन. तीन म्हणजे काहीच सांगता येत नाही. आणि ज्या तीन वेळा बरोबर ओळखलं त्यातल्या दोन वेळा मला आवडली होती नवी.

एका माणसाची, एकाच बॉटलची ही गोष्ट आहे, त्यावरून सगळी जुनी मेकर्स आजच्यासारखीच असं मी म्हणणार नाही. पण पहिल्या रात्री मी जे छातीठोकपणे बोललो होतो ते मागे घेतलं.

डिस्टिलरीच बदलली असेल तर

वेलर आणि ओल्ड फिट्झजेराल्ड या दोन व्हीटेड बर्बनचं प्रकरण वेगळं आहे आणि तिथे जुनं-नवं खरंच दोन वेगळ्या व्हिस्की असू शकतात. दोन्ही लुईव्हिलजवळच्या स्टिट्झेल-वेलर डिस्टिलरीच्या, ती १९३५ ला सुरू झाली आणि १९९२ ला तिथलं डिस्टिलेशन थांबलं. मग काही वर्षं माल बर्नहाइम डिस्टिलरीत बनला. १९९९ मध्ये ब्रँड विकले गेले, वेलर बफेलो ट्रेसच्या मालकांकडे, फिट्झजेराल्ड हेवन हिलकडे. म्हणजे एकाच लेबलखाली काळानुसार वेगवेगळ्या जागची दारू. लेबलच्या तळाशी बारीक अक्षरात डीएसपी-केवाय (केंटकीतल्या डिस्टिलरीचा सरकारी नोंदणी क्रमांक) आणि पुढे नंबर असेल तर तो शोधा: १६ म्हणजे स्टिट्झेल-वेलर, १ म्हणजे बर्नहाइम, ११३ म्हणजे बफेलो ट्रेस. ती सोय बॉटल्ड-इन-बॉण्ड (सरकारी नियमांनुसार एकाच डिस्टिलरीची, १०० प्रूफची) लेबलवर हमखास असते, इतरांवर नसेलही.

वेलर स्पेशल रिझर्व्हवर आधी सात वर्षं असं वय लिहिलेलं असायचं, २०१० च्या आसपास ते गेलं. प्रूफ मात्र ९० च राहिलं, त्यामुळे सात वर्षंवाली आणि आजची या जोडीत पाण्याचा हिशोब करावा लागत नाही. आजच्या बॉटलवर काचेवर छापलेला एल ने सुरू होणारा कोड असतो, पुढचे दोन आकडे साल, त्यापुढचे तीन वर्षातला कितवा दिवस. फिट्झजेराल्डची जुनी १०० प्रूफची बॉण्डेड बॉटल मात्र आता त्या किमतीत मिळत नाही, २०१८ पासून ते नाव महागड्या डिकँटरमध्ये यायला लागलं. परवडणाऱ्या भावात तिची धाकटी बहीण म्हणजे २०१२ ला आलेली लार्सनी, पण ती ९२ प्रूफ, तेव्हा सिरिंज काढा.

इथे अजून एक कारण लक्षात घ्या. सत्तर-ऐंशीच्या दशकात अमेरिकेत बर्बनचा खप पडला होता, गोदामं भरलेली, त्यामुळे लेबलवरच्या वयापेक्षा जुनी पिंपं साध्या बॉटलमध्ये रिकामी होत. तेव्हाची वेलर जास्त गडद लागली तर त्यात जादू काही नाही, जास्त वर्षं लाकडात राहिलेली आहे.

मिळवायची कुठून

अमेरिकेत एका माणसाने दुसऱ्याला दारू विकणं बहुतेक ठिकाणी बेकायदा आहे, तेव्हा ऑनलाइन ग्रुपवर पैसे पाठवू नका, तिथे रिकाम्या झाल्यावर दुसरंच काही भरून बंद केलेल्या बॉटलही फिरतात. केंटकीत २०१८ पासून परवानाधारक दुकानांना जुन्या बॉटल विकायची मुभा आहे, काही बारमध्ये घोटाघोटाने मिळतात, ते सगळ्यात शहाणपणाचं, १५ मिली घ्या आणि शेजारी नवीचे १५ मिली मागवा, ओतणाऱ्याला ग्लासची अदलाबदल करायला सांगा, आनंदाने करतात. चिनी मातीच्या जुन्या डिकँटरमधली मात्र पिऊ नका, ग्लेझमधलं शिसं दारूत उतरलेलं असू शकतं.

महाराष्ट्रातल्यांनी आधी घरच्या, नातेवाइकांच्या शोकेस बघाव्यात. नवी मेकर्स मुंबई-पुण्यात मोठ्या दुकानांत मिळते, येताना ड्युटी-फ्रीमधून माणशी दोन लिटरपर्यंत आणता येते. हार्ड लिकरसाठी वय २५ आणि परमिट हे नियम आहेतच.

बाजूला ठेवलेल्या त्या १०० मिलीच्या बाटल्या आता काढा. त्या गच्च भरलेल्या होत्या, त्यामुळे त्यांना हवा लागलेली नाही. मुख्य बॉटलमधला जुना वास उडाल्यावर या छोटीतली जुनी आणि मोठीतली जुनी अशी तीन ग्लासांची फेरी लावा, म्हणजे नुसत्या हवेने किती फरक पडला ते समोर दिसतं. माझी ती फेरी पुढच्या शनिवारी आहे, चिठ्ठ्या लावून झाल्यात, फासा बायकोने लपवून ठेवलाय.